जबड्यांवरचे दोन शिपाई

वहिनींनी सहा वर्षांपूर्वी साखरेच्या डब्यात कवळी ठेवली होती. तेव्हापासून भाऊजी त्यांच्याकडे बिनसाखरेचा चहा घेतात. चारचौघांत ते डॉक्टरचं नाव पुढे करतात, पण खरं कारण घरात सगळ्यांना पाठ आहे.

कवळी वहिनींनीच बनवलेली. त्यांचा धंदाच तो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, वहिनी त्याचा प्लास्टरचा जबडा ओततात आणि त्यावर एकेक दात उभा करतात. पन्नाशी उलटली तरी हात असा स्थिर, की भिंगाखाली केसाएवढी रेघ ओढतील आणि ओढता ओढता शेजारच्याला चिमटाही काढतील.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. नोकरी नकाशे काढायची, स्वभावही तसाच, सगळं मापात. दोघं एकाच क्लबचे सभासद. तिथे टेबलावर बोटभर उंचीचे शिपाई, घोडे, राक्षस मांडून फासे टाकून लढाया खेळतात. लढाई दोन तासांत संपते. खरा जीव अडकतो तो त्या बाहुल्या रंगवण्यात, आणि त्यावरूनच दीर-भावजयीची जुंपलेली असायची. वहिनींचा नवरा या भांडणात कधी पडत नसे. दोघांचा आवाज चढला की त्याला कुत्र्याला फिरवायची आठवण व्हायची. कुत्रं चांगलंच सडपातळ झालं होतं.

भाऊजी ग्लेझवाले. ग्लेझ म्हणजे रंग इतका पातळ करायचा की खालचा आरपार दिसावा, ब्रश पुसून जवळजवळ कोरडा करायचा, एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. असे दहा-बारा थर चढले की शिपायाच्या गालावर अशी लाली येते, जणू त्याला कुणीतरी आत्ताच लग्नाचं विचारलंय.

वहिनी वॉशवाल्या. वॉशही पातळच, पण गडद. ब्रश भरून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. रंग आपला आपण ओघळत कपड्याच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत जाऊन बसतो, उंचवटे उजळ राहतात. पंधरा मिनिटांत शिपाई तयार.

"वहिनी, याला रंगवणं म्हणत नाहीत. ही फरशी पुसणं झाली."

"पुसा की मग एकदा तुमच्या घरची. धाकटी दुवा देईल."

धाकटी म्हणजे भाऊजींची बायको, वहिनींची जाऊ. वाचनालयात काम करायची. बोलणं कमी आणि प्रत्येक वस्तू जागच्या जागी. घरात या दोघांची जुंपली की ती नुसती पुस्तकातून मान वर करून बघायची, आणि वाचनालयात नसूनही दोघांचा आवाज खाली यायचा.

यंदा मात्र भांडण थट्टेवारीचं राहिलं नाही. क्लबच्या वार्षिक लढाईत टेबलाच्या मधोमध एक मोठी बाहुली उभी असते. सगळे आधी तिच्याकडे बघतात, फोटोही तिचाच काढतात. दरवर्षी ती भाऊजी रंगवत. यंदाची बाहुली होती राणी. वीतभर उंच, पायघोळ झगा, पाठीवर वाऱ्याने फुगलेली शाल. खोक्यातून ती पांढरीफटक बाहेर आली आणि वहिनींचा जीव तिच्यावर जडला.

"राणी मी रंगवणार," त्या तिथल्या तिथे बोलून गेल्या.

क्लबवाल्यांनी हात वर केले. "तुमचं तुम्ही घरी ठरवा."

वहिनींना ती का हवी होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तीस वर्षं त्यांचं सगळ्यात चांगलं काम लोकांच्या तोंडात जात होतं, आणि चांगला दात तोच, जो कुणाच्या लक्षात येत नाही. सुबक काम झालं की कौतुक शून्य. एखादा दात फसला की मात्र फोन. एकदा तरी आपण केलेल्या वस्तूकडे लोकांनी थांबून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे असं तोंडाने मागायचं म्हणजे वहिनींना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. त्यापेक्षा खोडी काढणं सोपं.

"भाऊजी, पैज लावू," त्या म्हणाल्या. "मी दोन सारखे शिपाई रंगवते. एक तुमच्या ग्लेझने, एक माझ्या वॉशने. कुठला कशाचा ते तुम्ही ओळखायचं. ओळखलंत तर राणी तुमची. नाही ओळखता आलं तर माझी."

भाऊजी इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "वहिनी, डोळे बांधून ओळखीन. आठ दिवसांनी, शनिवारी अकराला या."

वहिनींना खात्री होती, आणि त्या खात्रीला कारण होतं. वॉशची चुगली करतो तो काठ. रंगाचं तळं साचतं आणि वाळताना कडेला रेघ सोडतं, कप उचलल्यावर चहाचा गोल उरतो ना, तशी. पण चिनी मातीचा ओला दात घडवताना त्यातलं पाणी टिश्यूच्या टोकाने ओढून घ्यायचं असतं, आणि ते वहिनी झोपेतही करू शकल्या असत्या. इथे टिश्यूऐवजी कोरडा ब्रश. वॉश सोडायचा, तळं साचलं की वाळायच्या आत ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, जास्तीचा रंग शोषून घ्यायचा. रेघ उमटतच नाही.

दुसऱ्या शिपायाला त्यांनी प्रामाणिकपणे बारा थरांचं ग्लेझ दिलं. तीन दिवस लागले. प्रत्येक थर वाळेपर्यंत त्या भाऊजींना एक नवं नाव ठेवत. बाराव्या थराला नावं संपली.

रंगवताना शिपाई हातात धरता यावा म्हणून कशावर तरी चिकटवतात. बाकीचे बाटलीचं बूच घेतात, वहिनींकडे प्लास्टरचे जुने जबडे पडून होते. ग्लेझवाला शिपाई त्यांनी पूर्ण बत्तीशीच्या जबड्यावर उभा केला, वॉशवाला समोरचे दोन दात नसलेल्या जबड्यावर. आणखी खूण करायची गरजच काय? असा जबडा कोण विसरणार?

शनिवारी अकराला वहिनी डबा घेऊन दिराच्या घरी हजर. डबा त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"वहिनी, इथे उजेड नाही. जरा हात लावा, ते छोटं टेबल खिडकीशी सरकवू," आतल्या खोलीतून भाऊजींची हाक आली.

टेबल सरकवलं, दिवा लावला, भिंग पुसून झालं. दहा मिनिटांनी दोघं बाहेर येतात तो काय, जेवणाच्या टेबलावर स्वच्छ पांढरा रुमाल आणि त्यावर दोन शिपाई, आपापल्या काळ्या चकतीवर ताठ उभे. जबडे गायब.

"धाकटे," वहिनींचा आवाज चिरकला, "हे काय केलंस गं?"

"काही नाही, ताई. जबड्यांवर माणसं उभी बघवेनात. त्यांच्या पायाखालच्या चकत्या तुमच्या डब्यातच होत्या, त्यांवर नीट बसवली."

"कुठला कुठल्या जबड्यावर होता?"

"का? तुम्हाला ठाऊक असेलच की," धाकटी म्हणाली आणि चहाचं बघायला आत गेली.

वहिनी रुमालावर वाकल्या. त्या शिपायांकडे बघत राहिल्या. दोघांचे गाल लाल, दोघांच्या कोटाच्या चुण्या खोल, दोघांच्या तोंडावर तीच घमेंड. शोषून घ्यायची करामत इतकी फत्ते झाली होती, की रंगवणारीलाच पत्ता लागेना.

भाऊजींना यातलं काही दिसलं नाही. ते शिपाई घेऊन खिडकीशी बसलेही. पहिला उचलला, फिरवला, भिंगाखाली धरला. मग दुसरा. घसा साफ केला, परीक्षेचा निकाल लावायचा तसा.

"हा," त्यांनी डाव्या हातातला पुढे केला. "हा ग्लेझचा. गालावरचा चढ बघा. घाईने हे होत नाही."

आणि वहिनींकडे बघत थांबले.

वहिनींच्या जिभेच्या टोकावर शब्द आलेला. चूक! एवढं एकच म्हणायचं होतं. खरं-खोटं करणारं कोण होतं तिथे? राणी समोरच्याच कपाटात, खोक्यातून नुसतं डोकं बाहेर काढून बसलेली. आयुष्यभर लोकांना बनवण्यात गेलेली बाई, एका शब्दाला काय भिते?

पण खोडीत शेवटी समोरच्याला कळावं लागतं की आपल्याला बनवलं. तरच मजा. आणि कुणाला कधी कळणारच नाही असं दडपून खोटं बोलायचं, तर ती खोडी नव्हेच, नुसती लबाडी. तशी मिळालेली राणी त्यांना रंगवताही आली नसती.

"भाऊजी," वहिनी खुर्चीत बसल्या. "तुम्ही बरोबर की चूक, मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खूण जबड्यांवर होती. धाकटीने जबडे काढले. आता मलाही ओळखता येत नाहीये. घ्या, हसा."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी पुन्हा भिंग उचललं. एक शिपाई दिव्याशी धरला, दुसरा खिडकीशी. कोटाची कड, गुडघ्यामागची खाच, बोटांच्या फटी, सगळं बघितलं. उलटे धरूनही बघितले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी, खरं सांगू?"

"सांगा. आज तोच दिवस दिसतोय."

"मघाशी मी ठोकून दिलं होतं. डाव्या हातात होता म्हणून डावा म्हटलं. तुम्ही 'बरोबर' म्हणाला असतात ना, तर मी वर दहा मिनिटं भाषणही दिलं असतं."

वहिनींचे खांदे हलायला लागले, भाऊजींचं पोट, आणि दोघं असे हसत सुटले की शिपाई टेबलावर थरथरले.

"पण काठ कुठे गेला?" डोळे पुसत भाऊजी म्हणाले. "वॉशचा काठ दिसतोच. यांच्यात एकालाही नाही."

"ते धंद्यातलं गुपित आहे. राणी द्या, मग शिकवते."

भाऊजी उठले, कपाटातून खोकं काढलं आणि वहिनींच्या मांडीवर ठेवलं. "ओळखलं तर माझी असं ठरलं होतं. ठोकून देणं म्हणजे ओळखणं नव्हे. घेऊन जा. पण शालीला ग्लेझ द्या हो, तुम्हाला हात जोडतो."

"शालीला देते. चुण्यांना वॉश."

"चुण्यांना वॉश," भाऊजी म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते. जरा अडखळले, पण पडले.

वहिनींनी राणीवरून अंगठा फिरवला. शालीच्या घड्या कशा जायच्या, उजेड कुठून पाडायचा, सगळं डोक्यात आधीच सुरू झालं होतं. ही लोकांना दिसणार होती. थांबून बघावीच लागणार होती.

धाकटी चहा घेऊन आली. वहिनी तिच्याकडे वळल्या.

"तूच काढलंस ना दोघांना? मग तुला माहीत असणार कुठला कुठला ते."

"माहीत आहे."

"मग सांग की!"

"राणी पूर्ण होऊ दे. टेबलावर उभी राहिली की सांगेन," धाकटी म्हणाली. "तोवर दोघं जरा शांत बसाल."

"अगं, तू मुद्दाम केलंस?"

धाकटीने साखरेचा डबा वहिनींपुढे सरकवला. वहिनींनी झाकण काढून चमचा आत घातला. चमचा कशावर तरी टक्कन आपटला. साखर बाजूला केली तर खालून समोरचे दोन दात नसलेला जबडा त्यांच्याकडे बघून हसत होता.

सहा वर्षांचं हसू भाऊजींनी एका दमात हसून घेतलं.