दोन किल्ल्यांचा फोन

सेफ्टी पिन वाकली, तरी सिमचा खण बाहेर यायचं नाव घेईना. बाळाने दुसरी पिन मागितली. चिमाकाकीने मंगळसूत्रात अडकवलेल्या तीन पिनांपैकी त्यातल्या त्यात सरळ होती ती काढून दिली आणि वर बजावलं, "ही तरी परत दे मेल्या. मागची अजून तुझ्याकडे आहे."

"ती रिक्षाच्या हॉर्नला लावलीय, काकी. तुमच्या नावाने वाजतो."

खण टिचकन बाहेर आला. बाळाने नवं सिम बसवलं, खण आत ढकलला आणि बाजूचं बटण दाबून धरलं. काळी पाटी उजळली. पडवीच्या खांबाला टेकून बसलेले आप्पा बघत नसल्यासारखं करत होते, पण त्यांच्या हातातला अडकित्ता सुपारी अर्धी कातरून थांबला होता.

"हा नुसता फोन नाय, आप्पा. हातात मावणारा कंप्युटर आहे. त्यातून फोनही होतो, एवढंच."

"मग टीव्ही कशाला आणला तो भिंतीला?"

"रेंज गेली की बघायला."

फोन धाडला होता शमिकाने. ती जर्मनीत एका इस्पितळात नर्स. मुलगी आप्पांच्या धाकट्या भावाची, बाबूकाकांची. पण आई बाळंतपणातच गेली, म्हणून वाढली ती शेजारच्या घरात, चिमाकाकीच्या मांडीवर. आप्पा आणि काकीला मूलबाळ नव्हतं. तेव्हा शमिकाला आई एक आणि बाप दोन, असं वाडीत म्हणत. इतकी वर्षं ती दोन्ही घरांतल्या डबड्या फोनांवर तेच तेच दोनदा बोलायची. आता तिला सहावा महिना लागला होता आणि वर्षभर तरी इकडे येणं जमणार नव्हतं. पार्सल निघालं त्या दिवशी तिने बाळाला फोन केला होता.

"बाळादादा, एकच पाठवलाय. मला दोघं एका वेळी दिसले पाहिजेत. कसं ते तू बघ. असले उद्योग तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

मूळचा याच वाडीतला बाळा आता रत्नागिरीत रिक्षा चालवायचा. वय अठ्ठेचाळीस, केस पिकलेले, अंगातली खोड हिरवीगार. स्टँडवरच्या एकाही रिक्षावाल्याची चप्पल त्याच्या तावडीतून सुटलेली नव्हती. पण शमिकाचं काम ऐकून पहिल्यांदा तो हसला नाही. कारण आप्पा आणि बाबूकाका अठरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ते का बोलत नव्हते हे जगात एकट्या बाळाला पक्कं ठाऊक होतं.

फोनने भाषा विचारली, बाळाने मराठी निवडली. तारीख विचारली, ती त्याची त्यालाच कळली. मग रेंज शोधत बाळा अंगणात उतरला. वाडी उताराला, त्यात समोर डोंगर. आख्ख्या आवारात तीन काड्या दिसायच्या त्या एकाच जागी, फणसाच्या बुंध्याशी, गडग्याला लागून. गडगा म्हणजे दोन भावांच्या आवारांमधली, जांभ्याच्या चिऱ्यांची कमरेएवढी भिंत.

त्या गडग्याच्या फणसाकडच्या टोकाकडे बाळा कधी नीट बघायचा नाही. अठरा वर्षांपूर्वी शिमग्यात वाडीतली पोरं होळीसाठी लाकडं चोरत फिरत होती. तिशीला आलेल्या बाळाला लाकडं चोरणं पोरकट वाटलं. त्याने एकट्याने गडग्याचं ते टोक उचललं आणि दोन हात बाबूकाकांच्या अंगाला नेऊन रचलं. फणस आपोआप आप्पांच्या आवारात गेला. सकाळी दोघांची तोंडं बघायची, पोट धरून हसायचं, चहा प्यायचा आणि चिरे परत जागेवर, एवढाच बेत. पण सकाळी त्याला जाग यायला उशीर झाला. तो पोचला तोवर बाबूकाका बोलून गेले होते, "मूल ना बाळ, जमीन कोणासाठी खातोस?"

आप्पांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी नीट पायरीवर ठेवला आणि आत गेले. त्यानंतर हसण्यासारखं काही उरलं नाही.

चिरे तसेच राहिले. आप्पांनी हलवले असते तर चोरी कबूल केल्यासारखं, बाबूकाकांनी हलवले असते तर भांडण उकरून काढल्यासारखं. फणस दोन्ही घरांनी टाकला. माकडं खातात. चिमाकाकी तेवढी आमटीची वाटी गडग्यावर ठेवते, ती धुतलेली परत येते, आणि आप्पांना वाट्यांचा हिशोब कधी कळलेला नाही. बाळा खरं सांगायला दोनदा निघाला होता. एकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरला. एकदा पोचला, पण काकीने पुढ्यात घावनं ठेवली, ती खाऊन आला.

"बाबूकाकाऽ," बाळाने गडग्यावरून हाक मारली. "शमिकाचा फोन आलाय."

बाबूकाका लुंगीला हात पुसत आले आणि गडग्यापासून चार पावलांवर थांबले. "कुठाय?"

"हा काय. म्हणजे फोनच आलाय, ती अजून यायचीय. आप्पा, तुम्ही पण या."

"मी बसल्या जागी बरा."

"उठा," चिमाकाकी म्हणाली. "पोर दिसणार आहे. पोटासकट."

आप्पा उठले.

फोन उघडायला बोटाचा ठसा हवा होता. बाळाने आप्पांचा अंगठा धरून पाटीवर टेकवला. फोन नाही म्हणाला. दुसरा टेकवला, तरी नाही. तीस वर्षं चिरेखाणीत काढलेला माणूस, जांभ्याने बोटांच्या रेघा खाऊन टाकल्या होत्या. शेवटी डावी करंगळी चालली.

"बघा, एवढंच बोट कामाला लावलं नव्हतं तुम्ही," बाळा म्हणाला. "आता बाबूकाका. शमिका पाटीवरच्या ज्या डब्यात येते त्या डब्याला वेगळं कुलूप. चार आकडे दाबा. मनातले. मला सांगू नका, आप्पांना तर नायच."

बाबूकाकांनी पाठ करून आकडे दाबले, वर हाताचा आडोसा धरला.

"असं कसं रे?" आप्पांनी विचारलं, अर्थात बाळाला. "करंगळी माझी आणि आकडे दुसऱ्याचे?"

"जर्मनीचा नियम आहे. तिकडे जोखमीच्या वस्तूला दोन किल्ल्या लागतात. बँकेत लॉकरला असतात तशा."

"फोन जर्मनीचा आहे?"

"मुलगी आहे ना तिथे."

आप्पांनी बाळाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. बाळाने चेहरा धुतल्या तांदळासारखा ठेवला. त्याची त्याला रोजची सवय होती.

आणखी एक तिसरी किल्ली होती, ती त्याने खिशात घातली. बोटाने उघडणाऱ्या फोनलाही मुळात चार आकडे द्यावे लागतात, आणि दर दोन-तीन दिवसांनी एकदा तो बोट झिडकारून तेच मागतो. ते आकडे बाळाने आपले घातले. "तिसऱ्या दिवशी हा अडून बसेल," तो म्हणाला. "तेव्हा मला बोलवा." तिसऱ्या दिवशी यायचं, दोघांचं कसं चाललंय ते बघायचं, आणि वारं बरं असेल तर सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

संध्याकाळी पाचला शमिकाची जेवणाची सुट्टी. आप्पांनी करंगळी लावली आणि फोन गडग्यावर ठेवला. बाबूकाकांनी तो उचलला, आकडे दाबले आणि परत चिऱ्यावर ठेवला. आमटीच्या वाटीसारखा.

निळ्या कपड्यांतली शमिका पाटीवर आली. "दिसत नाय कोण. फणसच दिसतोय. अजून जवळ या. बाबा, तुम्ही इकडे. आप्पा, तुम्ही. अजून. मला अर्धे अर्धे नकोत."

गडग्याच्या दोन बाजूंनी दोन म्हातारे वाकले. बाळा मागे, गडग्याच्या रेषेत उभा होता. त्याला दोन पाठी दिसत होत्या, एक सदऱ्याची, एक बनियनची, मध्ये वीतभर जागा. दोघं तिच्याशी पोटभर बोलले, एकमेकांशी अक्षर नाही. अर्धा तास उभं राहून आप्पा गुडघे चोळत पडवीत आले.

"कसं वाटलं?" बाळाने विचारलं.

"सुकलीय," आप्पा म्हणाले, आणि राहिलेली सुपारी कातरायला घेतली.

तिसऱ्या दिवशी बाळाने आपला फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. स्टेशनची दोन भाडी केली, एक कॉलेजचं. फोन वाजला नाही. चौथ्या दिवशीही नाही. त्याने चिमाकाकीच्या डबड्यावर लावून बघितलं. "मला काय ठाऊक नाय बाबा, माझं दूध उतू जातंय," म्हणून तिने बंद केला. पाचव्या दिवशी स्टँडवर कोणीतरी बाळाचीच चप्पल लपवली आणि तो अनवाणी घरी गेला, कोणावर न ओरडता. लोकांना वाटलं, आजारी आहे.

त्याला आता चित्र स्पष्ट दिसत होतं. फोन अडला असणार. तू बिघडवलास, तू बिघडवलास, झालं असणार. आणि बाबूकाका पुन्हा काहीतरी बोलून गेले असणार. शमिकाचा निरोप नव्हता, आणि तिला विचारायचं धाडस त्याला होईना. एक चेष्टा निस्तरायला दुसरी केली, आणि होतं तेवढंही घालवलं.

सहाव्या दिवशी भाडं सोडून तो पाचच्या सुमाराला वाडीकडे निघाला. सबंध वाटभर एकच वाक्य घोळवत होता: आप्पा, ते चिरे मी सरकवले होते. वळणावर त्याने रिक्षा लावली, हॉर्न न वाजवता.

फणसाखालून आवाज येत होते.

"मान वर घे, दादा. तिला नुसतं टक्कल दिसतंय तुझं."

"तुझं तरी काय दिसतंय? दात?"

"आहेत तेवढे दिसतात."

बाळा जागच्या जागी थांबला. फोन गडग्यावर, करवंटीला टेकून उभा केलेला. अलीकडे आप्पा पालथ्या घमेल्यावर बसलेले, पलीकडे बाबूकाका उभे, दोन्ही कोपरं चिऱ्यांवर टेकून. गडग्यावर एक कुयरी, म्हणजे भाजीचा कोवळा फणस, चिरून ठेवली होती, तिचा पांढरा चीक विळीवर वाळत होता. पाटीवर शमिका हसत काहीतरी सांगत होती, मग तिची सुट्टी संपली आणि पाटी काळी झाली.

दोघं उठले नाहीत. बाबूकाकांनी कुयरीची एक फोड उचलून वास घेतला. "वहिनीला सांग, वाटण जास्त घाल."

तेव्हा आप्पांना बाळा दिसला. "ये. हॉर्न बिघडला काय?"

बाळा जवळ आला. "याने आकडा मागितला नाय?"

"मागितला की. तिसऱ्या दिवशी."

"मग?"

"दिला," बाबूकाका म्हणाले. "तुझ्या रिक्षाच्या मागे लिहिलाय तो. दादा म्हणाला, याच्या डोक्यात दुसरा कुठला आकडा असणार?"

बाळाने फोन हातात घेतला. बोट न लावताच उघडला. शमिकाचा डबा दाबला, तोही उघडला. त्याने पाटी उलटसुलट करून बघितली, जणू कुलूप मागच्या बाजूला असेल.

"शमिकाने काढायला लावली दोन्ही," आप्पा म्हणाले. "त्याच दिवशी. दहा मिनिटांचं काम."

"म्हणजे आता एकट्यालाही लावता येईल?"

"येईल."

"मग तुम्ही दोघं रोज..."

"जर्मनीचा नियम आहे ना," बाबूकाका म्हणाले. त्यांचा चेहरा धुतल्या तांदळासारखा होता.

चिमाकाकी कुयरी न्यायला आली. तिने विळी उचलली, फोडी पदरात घेतल्या. वाऱ्याने फणसाची दोन पानं गडग्यावर पडली, ती आप्पांनी हाताने बाजूला केली.

"तिची सुट्टी अर्ध्या तासाची," आप्पा म्हणाले. "ती गेली की आम्ही दोघंच उरतो इथे. मग काहीबाही बोलावं लागतं. मागचं, जुनं. तू नाय केलंस, मी नाय केलं, मग कोणी, असं."

बाळाने ते वाक्य काढायला घेतलं. वाटभर घोटलेलं. "आप्पा, एक सांगायचं होतं."

"आधी मी सांगतो ते ऐक. उद्या सकाळी रिक्षा काढू नको. उभं राहून बाबूचे गुडघे जातात आणि घमेल्यावर बसून माझी कंबर. गडग्याचं हे टोक काढ आणि त्या चिऱ्यांचा इथे फणसाखाली कट्टा रच. रेंजमध्ये."

बाळाने त्या टोकाकडे बघितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा नीट. शेवाळ धरलेले, एकमेकांवर जरा घाईत ठेवलेले.

"किती चिरे लागतील?" त्याने विचारलं.

"बारा," दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

"जड असतात हो ते," काकी पायरीवरून म्हणाली. "जोडीला कोण गडी बघू का?"

"नको," आप्पा म्हणाले. "त्याला एकट्याने उचलायची सवय आहे."