चंद्रीचा पान्हा

रेडकू दगावलं आणि चंद्री दूध चोरायला लागली. पुढ्यात सरकीची पेंड ठेवली की खाता खाता कुठे तिला पान्हा फुटायचा, तोवर घमेलं रिकामं. मग चरवीला लाथ. मंगलाबाई कंटाळून म्हणाल्या, "इकी टाकू हाई म्हैस."

"आई, दहा दिन दे मले," हेमांगी म्हणाली.

हेमांगी लोणखेड्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. खाण्याआधी दरवेळी घंटी वाजवली, तर पुढे नुसत्या घंटीनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, असं सरांनी परवाच शिकवलं होतं. प्रकाशा गावी घरी परतताना बसमध्ये तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: कुत्र्याला लाळ, तर म्हशीला पान्हा का नाही?

तिनं जुन्या सायकलची घंटी काढून गोठ्याच्या खांबाला बांधली. सकाळ-संध्याकाळ आधी घंटी, मनात पाच आकडे, मग पेंड. चौथ्या दिवशी मंगलाबाई घाईनं घमेलं आधीच ठेवायला निघाल्या, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला. "पहिले घंटी, आई. मांगून वाजाडी ते तिले काय समजी?"

सहाव्या दिवशी घंटी वाजताच चंद्रीनं कान टवकारले. हेमांगीला त्या दिवशी उत्सुकतेपायी जेवण सुचेना. नवव्या दिवशी सकाळी तिनं घंटी वाजवली आणि पेंड हातातच ठेवली. एक मिनिट गेलं. चंद्री मान वळवून बघत राहिली. मग तिचे सड हळूहळू फुगले, ताठ झाले आणि खाली मातीत एक पांढरा थेंब पडला.

हेमांगीनं हातातली पेंड उंच धरून दाखवली. "आई, देख, पेंड नही खादी तिनी अजून."

मंगलाबाई चरवी घेऊन बसल्यासुद्धा. पहिल्या धारेपासून शेवटपर्यंत चंद्री हलली नाही. चरवी भरत आली तशा त्या स्वतःशीच हसायला लागल्या.

"आते चार-पाच दिन नुसती घंटी वाजाडसू," हेमांगी भराभर बोलत होती, "पेंड देवाव नही. मंग काय व्हस ते लिखसू."

"हात नको लावू घंटीले." मंगलाबाईंनी चरवी बाजूला सरकवली. "रोज खोटी वाजाडशी ते ती इसरी जाई. मंग दूध कोन काढी?"

हेमांगी घंटीपासून मागे सरली. पेंड न देता नुसती घंटी वाजवत राहिलं की लागलेली सवय मोडते, हे तर तिनं चाळलेल्या पुढच्या धड्यात होतं. सर अजून तिथवर पोचलेही नव्हते. तिनं धावत जाऊन वही आणली आणि आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या नादात सकाळची बस चुकली.