फ्रिजमधली सवत

मित्रांनो, मी औषधांची एक जुनी डबी आहे. सात कप्पे, झाकणांवर सोम, मंगल, बुध अशी पुसट अक्षरे. इंदूरच्या राजेंद्र नगरात, हरिभाऊंच्या घरी, फ्रिजच्या डोक्यावर माझा मुक्काम असतो. फ्रिजच्या आत माझी सवत राहते. तिचे नाव इन्सुलिनचे पेन. खोटे कशाला बोलू, मी तिच्यावर जळते.

आधी या घरात माझाच थाट होता. हरिभाऊंच्या मधुमेहाच्या गोळ्या मी बारा वर्षे सांभाळल्या. मग त्यांच्या लेकीची, पूर्णिमाची, सव्विसाव्या वर्षी शुगर वाढली. ती भंवरकुआं भागात एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. कॉलनीतल्या डॉक्टरांनी विचारले, "घरात कुणाला आहे?"

"आजोबांपासून आहे जी. खानदानी आहे," हरिभाऊ जवळजवळ अभिमानाने म्हणाले.

झाले! तोच आजार, त्याच गोळ्या. हरिभाऊंनी स्वतःसाठी नवी डबी आणली आणि मला लेकीच्या हाती दिले, जणू आजीच्या पाटल्याच देत होते.

पूर्णिमा मला एक दिवसही विसरली नाही. पण शुगर उतरेना, तीच उतरत चालली. सारखी तहान, आणि कुर्ते अंगावर लोंबू लागले. शेजारणी म्हणायच्या, "किती स्लिम झाली!" गोळ्या वाढल्या. एका गुरुवारी हरिभाऊंनी मला तिच्यापुढे आपटले.

"बेटा, सच सांग. बाहेर पोहे-जलेबी चालू आहे ना? गोळ्या तरी घेतेस की भूल जाती है?"

"घेते बाबा," ती एवढेच म्हणाली. त्यांना ते पटले नाही. मला तोंड असते तर मी साक्ष दिली असती.

शुक्रवारी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. दवाखान्यात धावताना हरिभाऊंनी मलाही पिशवीत टाकले. तिचा जीव वाचला. तपासण्या आल्यावर तिथल्या डॉ. शिखा म्हणाल्या, "अंकलजी, हा तुमच्यासारखा टाइप टू मधुमेह नाहीच. टाइप वन आहे. तो बड़ों को भी होता है. हिच्या शरीरात इन्सुलिनच बनत नाहीये, गोळ्या काय करणार?"

बाहेरच्या बाकावर हरिभाऊंनी माझे एकेक झाकण उघडले. सोमवार ते गुरुवार रिकामे. शुक्रवारपासून भरलेले. "एक गोळी नाही चुकवली पोरीने," ते म्हणाले आणि रडले.

मग सवत आली. महिन्याभरात पूर्णिमाच्या गालांवर मांस आले. सगळे श्रेय सवतीला, माझे नाव कुणी काढले नाही. एकदा वीज गेली, फ्रिज बंद पडला, तेव्हा आता सवत गरमीने नासेल म्हणून मला बरे वाटले होते. त्याची आज लाज वाटते.

मित्रांनो, औषध लागू पडत नसेल तर माणसाला खोटे ठरवू नका. आधी आजाराचे नाव पुन्हा तपासून घ्या.

आता माझ्या कप्प्यांत सवतीच्याच सुया असतात. दर रविवारी हरिभाऊ स्वतः त्या भरतात. मी जळते, पण एकही सुई हरवू देत नाही. आणि हरिभाऊ लेकीला "घेतलीस का?" असे आता विचारत नाहीत.