सिर्कोचं वजन

पराश्काबाईंचं कॅनडातल्या डॉफिन गावचं घर विकलं गेलं, तेव्हा त्यांच्या मुलीनं, व्हर्नानं, त्यांना विनिपेगला आपल्या घराजवळच्या फ्लॅटमध्ये आणायचं ठरवलं. "सिर्कोला शहर मानवायचं नाही," एवढंच त्या म्हणत राहिल्या. सिर्को त्यांचा म्हातारा कुत्रा. गाडीत बसवला की ओकायचा, भुंकून जीव नकोसा करायचा.

म्हणून व्हर्नानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "झोपेच्या गोळ्या वजनावर असतात. किती किलोचा आहे?"

तिनं सिर्कोला न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं आणि सांगून टाकलं, "बावीस."

काटा पौंडांचा होता. सरकारनं किलो आणून कैक वर्षं झाली, तरी घरोघरी वजनं पौंडातच चालत. व्हर्नाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण बाहेर सामान न्यायला आलेला ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या गोळ्या खाऊन सिर्को वाटभर गाढ झोपला. "बघ आई, किती शहाणा झालाय!" व्हर्ना म्हणाली.

विनिपेगला पोचल्यावर तो उठलाच नाही. त्याला उचलून घेताना तिच्या हातांना आधी कळलं. दुकानातून ती नेहमी दहा किलोची पिठाची पिशवी आणायची, तेवढाच भार होता. बावीस किलो नव्हेच.

"मी त्याचं घर सोडवलं गं," आई रडत म्हणाली. "त्यानं हाय खाल्ली."

व्हर्नानं खरं काही सांगितलं नाही, पुढे हिवाळाभरही नाही. आई बोर्श्टचा, बीटच्या सुपाचा वाडगा न खाता तसाच सरकवून ठेवायची, आणि समोर बसलेली व्हर्ना आपला वाडगा कसाबसा संपवायची.

ईस्टर जवळ आल्यावर एकदाचं तिनं सगळं सांगितलं. पौंड, किलो, दुप्पट गोळ्या.

आईनं मान वर केली. "म्हणजे घर सुटलं म्हणून नाही गेला तो?"

"नाही. माझ्यामुळे गेला."

आईनं मोठा श्वास सोडला, वाडगा ओढून घेतला आणि सावकाश सगळा संपवला. मग म्हणाली, "चूक कुणाच्याही हातून होते, व्हर्ना. पण सगळा हिवाळाभर तू मला रडू दिलंस."



रविवारी व्हर्ना नेहमीसारखी आईला चर्चला न्यायला गाडी घेऊन आली, तेव्हा आई कोट घालून शेजारणीबरोबर खाली उतरत होती.

"तू कशाला आलीस?" आई म्हणाली, रागानं नाही. "आम्ही बसनं जातोय."