चारशे सतरा नंबरची गाठ

गिरिजा सिद्दीची आठवण आमच्या चाळीला वर्षातून एकदा यायची, भाद्रपदात. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिलच्या झांक्या, म्हणजे ट्रॉलीवरचे सजवलेले देखावे, निघतात आणि आमच्या मिलच्या झांकीत राक्षसी लागायची. कधी पूतना, कधी ताटका, दोनदा तर हिडिंबा. मिलमधले मुकादम बाबूराव जॉबर चार पंच घेऊन तिच्या दारात उभे राहायचे आणि "गिरिजाबाई, तुमच्याशिवाय झांकीत मजा नाही" असं म्हणून तिला घेऊन जायचे. विसर्जन झालं की ती पुन्हा कुणाच्या खिजगणतीत नसायची.

चाळीतल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. तसं ते मलाही नसे. पण आमची बौद्धांची पंधरा घरं एका ओळीत होती, आजोबा महूच्या पलटणीतले, मामा-मावश्या हाकेच्या अंतरावर. रुसायला सुद्धा माणसं होती. गिरिजाला आई होती, तीही नव्वद साली गेली.

आणि मी तरी कुठली मोठी शहाणी? झांकीच्या माइकवर बोलणारी मीच. चाळीतली पहिली बी.ए., कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला, म्हणून ते काम माझ्याकडे. "देखिए, देखिए, ये विकराल राक्षसी!" हे वाक्य माझं. त्यावर टाळ्या पडायच्या आणि मी खूश व्हायचे. आज लिहितानाही लाज वाटते.

गिरिजा इंदूरचीच. तिचा बाप सिद्दी, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशातला; कर्नाटकातल्या हल्याळच्या जंगलातून लाकडाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघाला, मालकाशी भांडून मानपूरला उतरला आणि तिथून आमच्या मिलच्या बॉयलरवर लागला. गिरिजाचा जन्म चाळीतला. घरात ती कोकणीच्या वळणाचं मराठी बोलायची, आमच्या अर्ध्या हिंदी मराठीपेक्षा कितीतरी स्वच्छ. तरी स्नेहलतागंजच्या बाजारात तिला कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, अफ्रीका से?" त्यावर ती त्याच्याशी इतक्या ठसक्यात इंदुरी हिंदीत भाव करायची की दुकानदाराची बोलती बंद. लोक न विचारता तिच्या केसांना हात लावायचे. म्हणून ती पदर घट्ट लपेटून चालायची. उंच, ताठ, झपाझप. ती नळावर आली की रांग आपोआप सरळ व्हायची. मला ती फार आवडायची, आणि हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात मिलच्या गेटला कुलूप लागलं. पेपरात रोज देश खुला होत असल्याच्या बातम्या, आणि आमचं गेट बंद. पुरुष पिंपळाच्या पारावर बसून राहायचे. गिरिजा कोनींवर सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात चौदा वर्षं काढून घरी बसली आणि जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवू लागली. कवंदी म्हणायची ती त्यांना. चारी कोपऱ्यांवर कापडाची फुलं लावल्याशिवाय कवंदी हातावेगळी करायची नाही, हा तिच्या आईचा नियम.

पुढच्या चौदा एप्रिलला मी कॉलेजातून तणतणत आले. त्या दिवशी तिथे मला हार घालून स्टेजवर बसवतात, बाबासाहेबांवर बोलायला लावतात, आणि पंधरा तारखेला चहाच्या वेळी कुणी खुर्ची सरकवत नाही. नळावर गिरिजा भेटली. मी सगळा राग तिच्यापुढे ओकला.

"एक दिवसाची पाहुणी झाले गं मी! बाकी तीनशे चौसष्ट दिवस मी मेले का?"

गिरिजाने घागर नळाखाली सरकवली. "मग माझं काय वेगळं आहे, धम्मा? तुला मी भाद्रपदातच आठवते."

"म्हणजे?"

"सोळा वर्षं शेजारी राहतेस. माझ्या दाराशी आलीस ती कागद घेऊन. या वर्षी पूतना आहे, या वर्षी ताटका आहे. कधी बिनकामाची आलीस?"

घागर भरून वाहू लागली, तरी दोघींपैकी कुणी नळ बंद केला नाही.

"मला या वेळी राक्षसी व्हायचं नाही," ती म्हणाली. "मिल बंद झाली. आता मी कोण होते ते सांगायला कुणी उरणार नाही. एकदा मला मी म्हणून त्या ट्रॉलीवर बसायचंय. वाइंडिंगवाली म्हणून. नाहीतर यापुढे मी बसणारच नाही."

मिल बंद असली तरी झांकी काढायचीच, हे कामगारांनी ठरवलं होतं. शहर आपल्याला विसरू नये एवढीच धडपड. भाद्रपद लागायच्या आधी बंद गेटसमोर मीटिंग भरली. बाबूरावांनी जाहीर केलं, "या वेळेला हिडिंबा. पब्लिकची डिमांड आहे."

गिरिजा उठली आणि तिने आपलं म्हणणं मांडलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"अहो गिरिजाबाई," बाबूराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "पब्लिक राक्षसी बघायला येते ना! मशीनवर बसलेली बाई कोण देखणार? घरोघरी बायका बसलेल्याच आहेत."

"तर मग माइकवर दुसरं कुणी बघा, काका," मी म्हणाले. "मी तिला राक्षसी म्हणणार नाही."

"तुला काय झालं आता? तू तर अपनी है!"

"ती पण अपनीच आहे."

बाबूराव चिडले. गिरिजा मात्र शांत होती. तिने पिशवीतून सुताची एक कोन काढली, धागा ओढला आणि त्यांच्यापुढे धरला. "तोडा, काका."

"काय नाटक आहे हे?"

"तोडा तर."

त्यांनी धागा तोडला. गिरिजाने दोन्ही टोकं डाव्या हाताच्या चिमटीत घेतली. डोळे बाबूरावांच्या तोंडावर, बोटं आपल्या कामात. क्षणात गाठ बसून धागा परत त्यांच्या हातात. "आता शोधा."

बाबूराव वार्पिंग खात्याचे जॉबर. वाइंडिंगमध्ये भरलेल्या कोनी त्यांच्या मशीनवर लागायच्या आणि गाठ जाड असली की धागा अडकून तुटायचा, सगळं मशीन उभं राहायचं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाठींना शिव्या घातल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून धागा अंगठ्याखालून ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा उलट्या दिशेने. गाठ सापडेना.

त्यांचा चेहरा बदलत गेला. "टोकन नंबर काय तुमचा?"

"चारशे सतरा."

बाबूराव जवळच्या स्टुलावर बसले. "कोनीत नंबराची चिठ्ठी असायची," ते मागच्या लोकांकडे बघत म्हणाले. "चारशे सतराची कोन लागली की पूरी पाळी मशीन रुकायचं नाही. माझी पोरं भांडायची त्या कोनीसाठी. मी म्हणायचो, ऊपर कोई देवमाणूस बसलाय." मग ते गिरिजाकडे वळले. "चौदा साल तुमच्या हातावर माझी पाळी निघाली, बाई. आणि मी तुम्हाला दात लावून नाचवत होतो."

बाबूरावांनी उठून दोन्ही हात जोडले. गिरिजानेही जोडले, पण "असू द्या" असं म्हणाली नाही. तिचं ते न म्हणणं मला फार आवडलं.

कारागिरांनी सायकलची चाकं आणि पंख्याची मोटर लावून ट्रॉलीवर वाइंडिंगचं मशीन उभं केलं. कोनी घराघरांतून निघाल्या. अनंत चतुर्दशीला दिवेलागणीच्या सुमारास गिरिजा ट्रॉलीवर चढली. खात्यातली निळी साडी, आणि डोक्यावर पदर नाही. आईने शिकवलेल्या बारीक बारीक वेण्या तिने स्वतःच घातल्या होत्या, टाळूपासून मानेपर्यंत सरळ ओळींत. एवढी सुंदर बाई त्या ट्रॉलीवर त्याआधी कधी बसली नव्हती, आणि मी सगळ्या राधा नि सीता पाहिलेल्या आहेत.

मी माइक हातात घेतला. लिहून आणलेला कागद पर्समध्येच राहू दिला.

"गिरिजा सिद्दी," मी म्हणाले. "वाइंडिंग खाता. टोकन नंबर चार सौ सत्रह. चौदह साल. इन्हीं की गाँठ पर हमारी मिल चली है."

एक पोरगा ओरडला, "राक्षसी कहाँ है?" त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मग गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, दुसऱ्या बंद मिलची. तिने ट्रॉलीच्या कठड्यावरून हात वर केला. गिरिजाने धागा तोडून टोकं तिच्या बोटांत दिली. म्हातारीने गाठ मारली. मागून आणखी एक आली, मग आणखी. बडा गणपतीच्या देवळापर्यंत बायका ट्रॉलीबरोबर चालत होत्या, हात वर करून. मला हुंदका आवरेना आणि माइक चालूच होता.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली मोकळी झाली. झांकीचं बक्षीस दुसऱ्याच मिलला गेलं. पार भरला, नळावर रांग लागली आणि दोन आठवड्यांत चाळ आपल्या काळज्यांना लागली.

ऑक्टोबरच्या एका दुपारी मी लवकर सुटले आणि घरी न जाता गिरिजाच्या दाराशी गेले. ती कवंदीच्या कोपऱ्याला फूल लावत होती. मला बघून सुई थांबली.

"काय काढलंस आता? कसला कार्यक्रम?"

"काही नाही."

"कागद कुठंय?"

मी दोन्ही रिकामे हात दाखवले.

"आज काय आहे?" तिने संशयाने विचारलं.

"मंगळवार."

मग तिने कवंदीची घडी एका बाजूला सरकवून चटईवर जागा केली.

"बस," ती म्हणाली. "पण बसलीस तर पुढच्या मंगळवारी पण यावं लागेल."