भरड आणि वस्त्रगाळ

वरवंडच्या शिवारात सारजाबाईच्या मेंढ्या नावाजलेल्या होत्या. नवरा गेला तेव्हा माहेरच्यांनी एक गाभण मेंढी दिली होती. तिच्यापासून सात वर्षांत सारजाबाईने चौदा केल्या. घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, बाकी सगळा कारभार धाकट्या दिराच्या, हौसरावच्या हाती.

अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात त्या मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी भरू लागलं. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या. चरायला सोडल्या तरी चार पावलांवर बसून राहायच्या. हौसरावने एक दिवस पाहिलं आणि सांगितलं, की उभ्या आहेत तोवर खाटकाला घालू, मेल्यावर कुणी हात लावायचं नाही. सारजाबाईने भांडून दोन बाजारांची मुदत मागून घेतली.

ती दौंडला जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी जंत सांगितले, फिकट हिरव्या पुडीचं पुडकं दिलं आणि पाण्यात कालवून पाजायला बजावलं. पण मध्ये अमावस्या होती. अमावस्येला औषध सुरू करू नये म्हणून सारजाबाईने पुडकं दोन दिवस वळचणीला टांगून ठेवलं. पावसाळी हवेने पुडीचे खडे झाले. ते तिने पाट्यावर भरडले. होय, भरडले, वाटले नाहीत. सरकी असो, मका असो, जनावराला द्यायचं ते भरडूनच द्यायचं, पीठ केलं तर तोंडाला चिकटतं, अशी सासूची शिकवण होती. मग भरड गुळात वळून एकेक गोळा एकेकीला चारला. तिला वाटलं, पाजण्यापेक्षा हे बरं, मेंढ्या खुशीने खातात.

तिसऱ्या दिवशी एक मेंढी मेली. आणि नेमके त्याच सकाळी शलमोनआबा तिच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबले.

शलमोनआबा केडगावचे. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं पुड्या बांधल्या होत्या. आता दर गुरुवारी सायकलवरून वरवंडला येऊन पोरांना फुकट शिकवत. सारजाबाईने औषधाला दोष दिला. आबांनी तो ऐकून घेतला आणि मेंढी फाडून बघू म्हणाले. शेजारच्या मल्हारीने फाडली. पोटाच्या आतल्या कोठ्यात सुईएवढे बारीक जंत होते, तांबडा-पांढरा पीळ घातल्यासारखे. त्यांच्याजवळच हरभऱ्याच्या डाळीएवढे हिरवे खडे पडले होते, जसे भरडले तसेच.

"औषध हितं, आन् जंत तितं," मल्हारी म्हणाला. "दोघांची गाठच पडली न्हाई."

सारजाबाई चपापली. आबांनी दोन पेले पाणी आणि हळद मागितली. एका पेल्यात अख्खं हळकुंड टाकलं, दुसऱ्यात त्याच्या चौथाईनेही नसेल एवढी दळलेली हळद. दोन्ही ढवळले. एकातलं पाणी जवळजवळ तसंच राहिलं, दुसरं तळापासून वरपर्यंत पिवळं झालं.

"हळद विरघळली का, सारजाबाई?"

तिने पेला तसाच ठेवला आणि थोड्या वेळाने बोट घालून पाहिलं. "न्हाई. खाली बसलीया."

"हे औषधबी तसलंच हाय. मिठासारखं पाण्यात जिरत न्हाई. जंताच्या अंगाला लागंल तवाच काम करतं. खडा कितींना लागणार? शेजारच्या दोघाचौघांना. त्योच खडा फोडला, मग फोडल्यालं वाटलं, म्हंजी दर खेपेला नवं अंग उघडं पडतं. वजन तेवढंच, पर अंग हजारपट."

सारजाबाईने पेला पुन्हा ढवळला. मग म्हणाली, "चार दिसाच्या लेकराला सुंठ देतो तसं वस्त्रगाळ पायजे म्हना की."

आबा इतके खूश झाले, की त्यांनी मल्हारीला ते वाक्य पुन्हा ऐकवलं. तीस वर्षं हेच सांगत आलो, पण इतक्या थोडक्यात कधी जमलं नाही, म्हणाले.

त्यांच्या सांगण्यावरून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दौंडला गेली. झालेली चूक तिने डॉक्टरांपुढे स्वतःच कबूल केली. त्यांनी दुसरं पुडकं दिलं. आबांनी आपला चिनी मातीचा खल पाठवला, खाण्याच्या भांड्यात हे वाटू नका असा निरोप देऊन. नाकाला पदर बांधून सारजाबाईने पूड घोटली, जुन्या मलमलीतून गाळली, वर उरलेली पुन्हा घोटली. मग पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्याने तेरा मेंढ्यांना पाजली, आणि या औषधावर ऊन बाधतं असं आबांनी सांगितल्यामुळे त्यांना उन्हात न सोडता छपरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हौसराव छपरात डोकावला आणि तसाच ओरडत बाहेर आला. जमीन लाल झाली होती. त्याने दावी काढली. आजच्या आज सगळ्या नेतो, म्हणाला.

"वैनी, रगत मुतायला लागल्यात त्या. तुमच्या औषधानं मारलं त्यांना."

हे होणार हे आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सारजाबाई छपराच्या दारात आडवी उभी राहिली.

"रगत न्हाई त्ये. औषध अंगातनं भाईर पडलं, की वाऱ्यानं लाल व्हतं. थांबा अन् बगा."

तेवढ्यात एक मेंढी मुतली. धार साधीच होती. हौसराव खाली बसला. सारजाबाईही बसली. मल्हारी येऊन तोही बसला. तिघं त्या ओल्या जमिनीकडे डोळे लावून राहिली, आणि पाहता पाहता ती गुलाबी झाली, मग लाल.

"आईला," हौसराव पुटपुटला. दावी त्याने खुंटीला अडकवली. "पर मुदत ती मुदत."

मुदतीच्या बाजारी सकाळी तो पुन्हा आला. त्याने एकेकीच्या जबड्याखाली हात घालून पाहिलं. दोघींना थोडं पाणी होतं, बाकीच्यांची कातडी सैल पडली होती. सगळ्यांत म्हातारी मेंढी, ती माहेरची, त्याच्या धोतराचा सोगा चघळू लागली. त्याने सोगा सोडवून घेतला आणि बाजारातून काय आणायचं ते वहिनीला विचारलं.

"सरकी आना," सारजाबाई म्हणाली.

ती संध्याकाळी पाट्यापाशी बसली. मल्हारीने कुंपणापलीकडून विचारलं, आता हीसुद्धा वस्त्रगाळ करणार का.

"येडा का खुळा तू," सारजाबाई म्हणाली. "सरकी भरडच द्यायची असती." आणि तिने वरवंटा हलक्या हाताने फिरवला.