कोरडी पट्टी

आईच्या टाचेवर काळी, सुकलेली खपली आणि तिच्यावर नुसतं कोरडं गॉज. ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं मी वॉर्डात जखमा बांधतेय. जखम ओलसर राहिली तर लवकर भरते, तिच्यावर कोरडं गॉज दाबणं म्हणजे अडाणीपणा, हे नव्या पोरींना ओरडून ओरडून शिकवलंय. आणि माझ्याच आईच्या पायाला हे?

वहिनीवर मी मनसोक्त तोंडसुख घेतलं. तिने हळूच सांगितलं की घरी तपासायला येणारी सिस्टर म्हणाली, पायात रक्त कमी पोचतंय, खपली कोरडीच ठेवा, भिजवू नका. ती सिस्टर म्हणजे कालची पोर. तिला काय कळतंय, असं म्हणून मी खपलीवर ती मऊ करणारं ओलं जेल चोपडलं, वर चिकटणारी पट्टी लावली आणि चार दिवस उघडायची नाही अशी तंबी देऊन निघाले. दादाने मान डोलावली. त्याला जन्मभर तेवढंच जमलंय.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, वास येतोय म्हणून. मी जाऊन पट्टी काढली, तर खपलीचा लगदा झालेला. खाली पू. तेव्हा कुठे मी पायावर बोटं ठेवून नाडी शोधली. नाडी लागेना. पट्टी निवडायच्या आधी शिकाऊ पोरीसुद्धा जे करतात, ते मी आत्ता करत होते. रक्त पोचत नसेल तर टाचेची सुकी खपली हेच जखमेचं झाकण, हे मला तोंडपाठ होतं. पाठ असून काय दिवे लावले? माझी मलाच एक ठेवून द्यावीशी वाटली.

हॉस्पिटलात सर्जन पाय बघून भडकले. पाय वाचेल की नाही सांगता येत नाही, म्हणाले. मग वहिनीकडे वळून विचारलं, घरी हे उपद्व्याप केले कोणी?

माझं नाव तिने घेतलं नाही. तिच्या त्या चांगुलपणाचाही मला संताप आला. तिने चारचौघांत माझे वाभाडे काढले असते तर परवडलं असतं.

"कोरडं ठेवा म्हणून सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?" सर्जन तिलाच सुनावत होते.

"तिला कळलं होतं," मी म्हटलं. "पट्टी मी लावली. मी नर्स आहे."